एकतीस बाय सात

“गप बसा रे जरा,” उखर्डू म्हणाला. डोक्याचं फडकं सोडून त्याने खांद्यावर टाकलं, लोखंडी खांबाला उजवा कान लावला आणि डोळे मिटले.

आम्ही चौघं रुळांच्या कडेला खडीवर उभे होतो. मागे नीमझिरी स्टेशनात गाडी अडकून पडली होती, कारण पुढच्या लोहारबर्डी स्टेशनचा फोन लागत नव्हता. तिथून ‘लाइन मोकळी आहे’ असं कळल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा रेल्वेचा नियम. दोन स्टेशनांमध्ये अकरा किलोमीटर आणि पावणेदोनशे खांब. त्यातल्या कुठल्या तरी एकावर तारेचं बिनसलं होतं. माझ्या गळ्यात तपासणीचा फोन होता, खिशात वही होती आणि आयटीआयमध्ये शिकवलेली पद्धत तोंडपाठ होती. तार मध्यावर सोडायची, दोन्हीकडे आवाज घ्यायचा, चांगला अर्धा भाग बाद करायचा, उरलेल्याचा पुन्हा मध्य गाठायचा. दीड तासाचं काम, पण हमखास.

“इथी नई,” उखर्डू डोळे उघडून म्हणाला. “पुढी हाये. नकटीवर.”

नकटी म्हणजे एक खांबच. आमच्या लाइनीवरचे खांब इंग्रजांच्या वेळचे, डोक्यावर भाल्यासारखं टोक असलेले. एकाचं टोक वीज पडून मोडलं होतं, ती नकटी. उखर्डूला वाचता येत नसे, त्यामुळे खांबावरचे आकडे त्याच्या कामाचे नव्हते. त्याने प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. वाकलेला तो म्हातारा, मधमाश्यांचं पोळं लागायचं ती गुळाची ढेप, आणि एकटाच टेकाडावर ताठ उभा होता तो मामलेदार.

आम्ही नकटीपाशी गेलो. उखर्डू वर चढला. वरून त्याने जिला तार बांधतात ती चिनी मातीची वाटी, तडकलेली, खाली दाखवली आणि गँगमधला एक जण आनंदाने शिट्टी वाजवून मोकळा झाला. मी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.

मी वही काढली आणि लिहिलं, ‘खांब २८/११, वाटी तडकलेली, बदलली.’ कोणाला सापडली ते लिहिलं नाही. कधीच लिहीत नसे. वहीत तसा रकाना नव्हता, असं मी स्वतःला सांगायचो.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. खानदेशच्या पार उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी ती छोटी लाइन होती. दिवसाला एक गाडी जायची आणि तीच परत यायची. मी प्रभाकर नेहेते, वय अठ्ठावीस, तारवाल्यांच्या त्या गँगमधला एकटा शिकलेला माणूस. आणि उखर्डू कोळी पन्नाशी उलटलेला, दात तंबाखूने काळे झालेला, सही म्हणून अंगठा देणारा. त्याच्यावर मी जळत होतो. दुसरा सभ्य शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. मी त्याच्यावर रोज, सकाळी हजेरी लावल्यापासून संध्याकाळी घरी जाईपर्यंत जळत होतो.

त्याने कधी मिरवलं असतं तर बरं झालं असतं. निदान राग धरायला काहीतरी हाती लागलं असतं. तो उलट मला शिकवायला बघायचा.

“आयक ना, भो,” तो माझं डोकं धरून खांबाला लावायचा. “वाऱ्यानं तार घुमते. बांधनी घट्ट असली का खांब गानं म्हनतो. ढिली असली, नई तं वाटी फुटेल असली, का मंग दात खातो. आयकू आलं?”

“आलं,” मी म्हणायचो.

मला काहीही ऐकू यायचं नाही. नुसतं घूंऽऽ, आणि गालाला लोखंडाचा गारवा. मी एकटा असताना, कोणी बघत नाही अशी खात्री करून, कितीतरी खांबांना कान लावून पाहिले. गाणं म्हणणारा आणि दात खाणारा, मला दोन्ही सारखेच.

माझ्या नावावर त्या लाइनीवर एकच गोष्ट होती आणि तीही थट्टेची. मी डावरा. तार वाटीच्या गळ्याला मऊ बारीक तारेने बांधायची असते, त्याला आम्ही बांधणी म्हणायचो. सगळ्यांची वेटोळी एका बाजूने पडत, माझी उलट्या बाजूने. त्यामुळे माझी बांधणी दुसरा कोणी सोडायला गेला की ती सुटायच्या ऐवजी आणखी आवळायची. वरून शिव्या ऐकू आल्या की खालचे समजायचे, नेहेतेची उलटी लागली. उखर्डूही हसायचा. सगळे हसायचे त्याचं मला काही वाटायचं नाही, तो हसला की मात्र माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग तो माझ्या घरातही शिरला.

माझी बायको कमल शिवणकाम करायची. तिचं मशीन आठवडाभर खडखडत होतं. मी दोन संध्याकाळी ते उघडून बसलो, तेल घातलं, पट्टा बदलला, चार स्क्रू काढून पुन्हा लावले. खडखड जिथल्या तिथे. एका रविवारी उखर्डू शेवग्याच्या शेंगांची जुडी द्यायला आला. ओट्यावर टेकला, पाणी प्यायला, आणि कमल आत मशीन चालवत होती ते ऐकून म्हणाला, “ताई, जिथं सुई आत जाते ना, त्या पत्र्याचा खिळा ढिला झाला हाये.”

कमलने तो स्क्रू पिळला. मशीन गुपचूप चालायला लागलं.

“अगंबाई!” ती म्हणाली. “दारात बसून कळलं तुम्हाला? आमच्याकडे दोन दिवस नुसता पसारा मांडला होता.”

“त्याले शिक्षनाची सवय हाये, ताई. उघडून पाह्यल्याबिगर त्याले पटत नई,” उखर्डू म्हणाला. बोलला ते कौतुकाने, हे आज कळतं.

त्या रात्री जेवताना कमलने शेंगांच्या आमटीचं आणि उखर्डूचं असं दोन्हीचं कौतुक एका दमात केलं. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

“काय झालं?”

“शेंगा दाताखाली येतात.”

“शेंगा दाताखालीच येतात हो,” ती म्हणाली आणि हसली. तिला पाचवा महिना होता, कशानेही हसू यायचं. मला वाटलं, ही मला हसली.

त्याच महिन्यात बातमी आली. आमच्या शाखेवर मिस्त्रीची एक जागा भरायची होती. मिस्त्री म्हणजे पगार वाढ, स्टेशनाशेजारचं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि मुख्य म्हणजे खांबावर चढणं बंद. खालून सांगायचं, बाकीच्यांनी चढायचं. त्या जागेसाठी आम्ही दोघंच होतो. माझं शिक्षण, त्याची नोकरी तेवीस वर्षांची.

त्याला ती जागा का हवी होती हे सगळ्या गँगला माहीत होतं. त्याचा डावा गुडघा गेला होता. चढताना तो चढायचा, उतरताना मात्र ओठ दातांत धरायचा. खाली आल्यावर थोडा वेळ खांबाला धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, “काई नई, मुंग्या आल्या.” मला ते दिसायचं. दिसायचं आणि पोटात कुठेतरी बरंही वाटायचं, तेही लिहून टाकतो.

मसूरकर साहेब विभागाच्या ऑफिसातून ट्रॉलीवर बसून आले. बारीक अंगाचा, कोरड्या आवाजाचा माणूस. त्यांनी आमचे दोघांचे कागद बघितले, मिटले, आणि म्हणाले, “कागदावर नेहेते पुढे आहे. पण इथे स्टेशनमास्तरपासून पॉइंट्समनपर्यंत सगळे कोळीचं नाव घेतात. मला कागद पण नको आणि नाव पण नको. गुरुवारी परीक्षा. एकतिसाव्या किलोमीटरमध्ये सोळा खांब आहेत. त्यातल्या एकावर माझा माणूस दोष करून ठेवील, वाटी नाहीतर बांधणी. फोन नाही, यंत्र नाही. तुम्ही शोधायचा. एकदाच चढायचं. ज्या खांबावर चढाल तो तुमचा जबाब.”

“आधी कोण, साहेब?” मी विचारलं.

“जो नोकरीत मोठा तो.”

म्हणजे उखर्डू. म्हणजे माझी पाळी येणारच नव्हती. तो एकापासून निघेल, प्रत्येकाला कान लावत जाईल, दात खाणारा खांब सापडला की चढेल आणि मिस्त्री होऊन खाली उतरेल. मी ट्रॉलीपाशी उभा राहून टाळ्या वाजवायच्या. घरी कमल म्हणेल, चला, उखर्डूभाऊंकडे पेढे द्यायला जाऊ.

बुधवारी दुपारी गाडी गेल्यावर मी एकटा एकतिसाव्या किलोमीटरला गेलो. ऊन मी म्हणत होतं. लांबवर एक गुराखी निंबाखाली आडवा झाला होता, बाकी चिटपाखरू नव्हतं. साहेबांचा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन कुठे काय करणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. मी सातव्या खांबावर, म्हणजे एकतीस बाय सातवर, चढलो. वरच्या आडव्या पट्टीवरच्या वाटीची बांधणी सोडली आणि पुन्हा बांधली, ढिली. डोळ्यांना दिसू नये पण वाऱ्याने तार वाटीवर आपटावी, एवढीच ढिली.  आगगाडीच्या तारेशी खोटेपणा करणाऱ्याची नोकरी जाते, चौकशी लागते, क्वचित तुरुंगही. हे नियमांच्या पुस्तकात पहिल्या पानावर होतं आणि ते पुस्तक आमच्या गँगमध्ये मी एकट्याने वाचलं होतं.

खाली आल्यावर, सवयीने, खांबाला कान लावून पाहिला. घूंऽऽ.

गुरुवारी सकाळी वारा होता, डोंगराकडून येणारा, एकसारखा. साहेब छत्री घेऊन ट्रॉलीवरून उतरले. उखर्डू अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला होता. सदरा धुतलेला. त्याच्या बायकोने चुलीवरच्या तांब्याने इस्त्री केली असावी, बाहीवर एक गोल पिवळा डाग पडला होता.

“कर सुरुवात,” साहेब म्हणाले.

तो निघाला. आम्ही पाच-सहा पावलं मागून. पहिला खांब, कान, पुढे. दुसरा, पुढे. तिसऱ्याशी त्याने खांबावर थोपटलं, जुन्या बैलाला थोपटतात तसं. चौथा, पाचवा. सहाव्याला कान लावतानाच त्याची मान पुढे वळली. मला समजलं. त्याला सहाव्यावरूनच सातवा ऐकू येत होता. आणि त्या क्षणीसुद्धा, भीतीच्या आधी माझ्या मनात हे आलं: कसं काय येतं याला ऐकू?

सातव्याला त्याने कान लावला. बराच वेळ. मग पट्टा कमरेला आवळला.

“हाच?” साहेबांनी विचारलं.

“हाच, साहेब. दात खाऊ राह्यला.”

तो चढला. गुडघा दोनदा अडला. वर पोचून त्याने पट्टा खांबाभोवती टाकला, वाटीकडे वाकला, आणि थांबला.

खालून त्याचं तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती आणि वाऱ्याने फुगलेला सदरा. तो काहीच करत नव्हता. नुसता वाटीकडे बघत होता. मला वाटलं, आता हा खाली वाकून म्हणेल, साहेब, वाटी साजरी हाये पण बांधनी कोनीतरी ढिली केली. साहेब आपल्या माणसाकडे बघतील, तो म्हणेल मी नाही केली. मग पुढे काय होणार हे मला नियमांच्या पुस्तकातून पाठ होतं.

“काय रे? काय आहे वर?” साहेब ओरडले.

“पाह्यतो, साहेब!”

त्याने कमरेची पक्कड काढली. कोपर हलू लागलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तरी वाटलं, एखादी मालगाडी येऊन गेली असती. मध्येच त्याने हात खिशात घातला आणि पुन्हा काम सुरू केलं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग तो उतरला. नेहमीसारखा ओठ दातांत धरून. जमिनीवर पाय टेकल्यावर खांबाला धरून उभा राहिला.

“काई नई, साहेब,” तो म्हणाला. “चुकलं माह्यं. वारं होतं.”

“वारं?”

“हो, साहेब. इथी काई नई.”

“मग एवढा वेळ काय करत होतास?”

“खात्री करत होतो.”

साहेबांनी त्यांच्या माणसाला वर पाठवलं. तो चढून, तार हलवून बघून आला. “सगळं पक्कं आहे, सर.”

साहेबांनी छत्री मिटली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, ते बहुतेक मनातून त्यालाच जागा द्यायला आले होते. उखर्डू खडीवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी गुडघा चोळायला लागला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“नेहेते, तुझी पाळी.”

कान लावण्याचं नाटक मी केलं नाही. मी डोळ्यांनी बघत गेलो. उन्हाळ्यात आमच्या वाट्यांवर बोटभर धूळ असायची, वर पाखरांची शिट. आठ, नऊ, दहा, अकरा, सगळ्या मळकट. बाराव्यावर एक वाटी लख्ख पांढरी होती. तडकलेली वाटी बसवताना साहेबांच्या माणसाने ती पुसून बसवली होती. शहरातला माणूस. मी चढलो, तडा दाखवला, आणि खाली उतरलो तो मिस्त्री होऊन.

म्हणजे मी हुशारीनेच जिंकलो, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. पुढेही सांगत राहिलो.

वर त्याने काय केलं असेल याचाही मी छान उलगडा करून घेतला होता. बांधणी ढिली दिसली, त्याला वाटलं आपोआप झाली, पक्कड घेऊन आवळून टाकली. साहेबांना सांगितलं नाही, कारण एकतिसावा किलोमीटर त्याच्याच हद्दीत यायचा. स्वतःच्या हद्दीतली ढिली बांधणी साहेबापुढे कोण कबूल करील? नाक कापलं जाईल. तेवढ्या हुशारीने तो वागला, एवढंच. हे मला इतकं पटलं की थोड्या दिवसांनी मला त्याचाच राग यायला लागला. लबाड माणूस!

क्वार्टर मिळालं. पुढे कमल तिथेच बाळंत झाली. जागा मिळाल्याची चिठ्ठी आली त्या संध्याकाळी ती उखर्डूच्या घरी पेढे घेऊन गेली, मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला उखर्डू माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडे होतो.

“नेहेतेभाऊ,” तो म्हणाला, “आता तुले खांबावर चढा लागनार नई. बरं झालं.”

“का? बरं का झालं?”

“तुह्या बांधन्या लोकाले लवकर सोडता येत नई ना, भो,” तो हसला. “लय वेळ लागते.”

गँगमधले दोघं फिदीफिदी हसले. मला ते इतकं झोंबलं की मी त्याची हद्द बदलली. टेकाडाचा, सगळ्यांत उंच खांबांचा भाग त्याला दिला. मामलेदार त्यातच होता. त्याच्या गुडघ्याचं मला माहीत होतं, हे मी वर लिहिलंच आहे.

तो सात वर्षं त्या खांबांवर चढला. तक्रार केली नाही. निवृत्त झाला तेव्हा काठी टेकत आला आणि अंगठा देऊन गेला. निरोपाच्या समारंभात स्टेशनमास्तर बोलले, पॉइंट्समन बोलला, मी म्हणालो की मला घसा बसल्यामुळे बोलता येत नाही. त्यानंतर चार वर्षांनी तो गेला. कमल घरी जाऊन भेटून आली. मी त्या दिवशी ड्यूटी लावून घेतली.

एकतीस बाय सातवर मात्र मी पुन्हा चढलो नाही. मिस्त्रीला चढायची गरज नसते.

मग हळूहळू सगळं बदललं. जमिनीखालून केबल आली, तारा मुक्या झाल्या. खांब नुसतेच उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या, वाट्यांमध्ये पाखरांनी काड्या भरल्या. पुढे छोटी लाइनच बंद करायची ठरली आणि खांब भंगारात काढायचा हुकूम आला. दोन हजार सहा साल. माझ्या निवृत्तीला दहा वर्षं होती. देखरेखीला मला नेमलं, कारण कुठला खांब कुठे आहे हे सांगणारा जुना माणूस दुसरा उरला नव्हता.

कंत्राटदाराचा सलीम म्हणून गॅसकटरवाला होता, पंचविशीतला, बडबड्या. तो खांब बुडाशी कापायचा, दोराने आडवा घ्यायचा, मग वरच्या पट्ट्या वेगळ्या करायचा. मी खुर्ची टाकून यादीवर खुणा करायचो. नकटी गेली. गुळाची ढेप गेली. नावं मला पाठ होती, हे मला त्या दिवशी कळलं.

एकतीस बाय सात आडवा पडला तेव्हा मी उठून गेलो. कशासाठी, ते ठरवलं नव्हतं. बावीस वर्षांनी ती वाटी माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती. त्या खांबावरच्या तारा चोरांनी कधीच्या कापून नेल्या होत्या, पण वरच्या वाटीच्या गळ्याशी हातभर तुकडा राहिला होता, बांधणीसकट.

मी बसलो आणि बोटाने धूळ पुसली.

खरं सांगतो, आधी मला हेवाच वाटला. वेटोळ्याला वेटोळं चिकटून, मध्ये केसाची फट नाही. शेवटचं टोक आत वळवून दाबलेलं, हाताला लागू नये म्हणून. बावीस पावसाळे खाऊन ती बांधणी तसूभर हलली नव्हती. आयुष्यात मला एकदाही असं बांधता आलं नव्हतं. मेला तरी हा माझ्यापुढेच, असं काहीसं माझ्या मनात आलं.

आणि मग मी वेटोळी कुठल्या बाजूने पडली आहेत ते पाहिलं.

सुलटी होती. सगळ्यांची पडतात तशी.

मी पुन्हा पाहिलं. पहिल्या वेटोळ्यापासून शेवटच्यापर्यंत सुलटी. माझं एकही नव्हतं. त्या बुधवारी दुपारी मी माझ्या सवयीने बांधलं होतं, डाव्या हाताने, उलटं. बांधणी ढिली करायची एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या हाताची सही आपण तिथे ठेवून येतोय, हे चाळीस वेळा थट्टा झालेल्या मला सुचलं नव्हतं.

ढिली बांधणी आवळायला पकडीचे दोन पीळ पुरतात. उखर्डूने आवळली नव्हती. त्याने माझी पुरी सोडवली होती, जी सोडायला वेळ लागतो. माझी सुटलेली तार खिशात घातली होती. आणि नव्या तारेने, आपल्या हाताची, पहिल्यापासून बांधली होती, साहेबांचा माणूस वर येईल आणि उलटी वेटोळी पाहील हे ओळखून. वर पोचून तो थांबला होता तेव्हा त्याने ठरवलं होतं. एक शब्द खाली टाकला असता तर परीक्षा रद्द झाली असती, माझी नोकरी गेली असती, पाचव्या महिन्यातली कमल रस्त्यावर आली असती, आणि दुसऱ्या परीक्षेत मिस्त्री तोच झाला असता. गुडघ्यासकट, सात वर्षं आधी खाली उतरला असता.

लय वेळ लागते, असं तो मला टेबलापुढे उभा राहून म्हणाला होता. त्याला जेवढं बोलायचं होतं तेवढं तो बोलला होता. मी त्याला मामलेदारावर चढवलं.

“साहेब, बाजूला व्हा,” सलीम म्हणाला. त्याने काच डोळ्यांवर घेतली, मग वाकून ती बांधणी बोटाने ओढून पाहिली. “अरे वा. हलत पण नाही. कोणी बांधली ही?”

“उखर्डू कोळी म्हणून होता.”

हे नाव माझ्या तोंडून त्या लाइनीवर कामाचं श्रेय देताना पहिल्यांदा निघालं.

“भारी कारागीर असेल.”

“माझ्यापेक्षा चांगला होता,” मी म्हणालो.

पण सलीमने तोवर गॅस पेटवला होता आणि त्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने काच वर करून, काय म्हणालात, अशी मान हलवली.

मी पुन्हा एकदा, मोठ्याने, ओरडून सांगितलं.